श्रोता नसलेले गाणे

तुकोबांच्या गाथेचे कुठलेही पान उघडले, तरी जवळजवळ प्रत्येक अभंगाच्या आरंभीच्या ओळींपाशी ‘॥ध्रु.॥’ अशी एक खूण छापलेली दिसते. एम. ए.च्या वर्गात गाथा शिकवताना आपण आशयावर, प्रतिमांवर, बोलीवर, पाठभेदांवर तासचे तास घालवतो. ह्या खुणेपाशी मात्र कोणी थांबत नाही. परीक्षेत तिच्यावर प्रश्न येत नाही. पृष्ठक्रमांकावरून डोळा जसा घसरतो, तसा तो तिच्यावरूनही घसरतो. ह्याचे कारण उघड आहे. ती खूण वाचणाऱ्यासाठी छापलेलीच नाही. ती गाणाऱ्यासाठी आहे, आणि त्यातही अनेकांनी मिळून गाण्यासाठी आहे. एकटा गाणारा मनाला येईल त्या ओळीवर परतू शकतो. पन्नास जणांना एकाच क्षणी एकाच ओळीवर परतायचे असेल, तर ती ओळ कोणती हे आधी ठरलेले असावे लागते. ध्रुपद म्हणजे समूहाच्या परतीची जागा. मराठी कवितेचे सर्वांत मोठे संचित आपण मुकाट्याने, डोळ्यांनी वाचतो आणि त्यातली गाणाऱ्यांसाठीची सूचना तेवढी वगळून वाचतो, ही गोष्ट वाङ्मयाच्या अभ्यासकाला थोडी अस्वस्थ करणारी वाटायला हवी.

अभंग ज्या गाण्यासाठी रचले गेले, त्यात श्रोता नावाची व्यक्ती गृहीतच नसते. दिंडीत विणेकरी असतो, मृदंगी असतो, टाळकरी असतात. बाहेर उभा राहून ऐकणारा हा केवळ वाटेवरचा माणूस. एकाने चरण उचलायचा आणि उरलेल्यांनी तो घ्यायचा. आवाज चांगला असणे हा भाग्ययोग समजला जातो, ती प्रवेशाची अट नव्हे. उलट आपल्या संगीताचा लिहिलेला इतिहास पाहावा. तो घराण्यांचा, मैफलींचा, दरबारांचा, पुढे ध्वनिमुद्रिकांचा इतिहास आहे; म्हणजे ज्या ज्या ठिकाणी ऐकणारा बसलेला आहे, त्या त्या ठिकाणांचा इतिहास आहे. जिथे सगळेच गात आहेत, तिथे हा इतिहासकार पोहोचत नाही. पोहोचला तर ‘लोकसंगीत’ किंवा ‘भक्तिसंगीत’ अशी चिठ्ठी लावून परततो. ह्या दृष्टीने एका थोर गवयाच्या आयुष्याची शेवटची काही वर्षे पुन्हा वाचण्यासारखी आहेत. ती वर्षे नाशकाशी जोडलेली आहेत. पण त्याआधी थोडे दूर जाणे इष्ट, कारण दूरच्या आरशात आपला चेहरा कधी कधी अधिक स्पष्ट दिसतो.

अमेरिकेत ‘शेप-नोट’ नावाची एक गायनपद्धती आहे. शेप-नोट म्हणजे आकारांची स्वरलिपी. अठराव्या शतकात न्यू इंग्लंडच्या गावोगाव फिरते गायनशिक्षक असत. काही आठवडे एका गावी मुक्काम करून ते प्रार्थनागीते शिकवत आणि पुढच्या गावी जात. शेतकरी, सुतार, त्यांच्या बायकामुली ही त्यांची विद्यार्थिमंडळी. त्यांना युरोपीय स्वरलिपीच्या पाच रेघांवर कोणता ठिपका कुठे बसला आहे हे मोजत बसायला लावणे अवघड होते. १८०१ मध्ये विल्यम लिटल आणि विल्यम स्मिथ ह्यांच्या ‘द ईझी इन्स्ट्रक्टर’ ह्या पुस्तकात एक सोपी युक्ती आली. ठिपक्याला आकार द्यायचा : ‘फा’ त्रिकोणी, ‘सोल’ गोल, ‘ला’ चौकोनी, ‘मी’ हिऱ्यासारखा. सात स्वरांचे काम ह्या चार नावांतच भागवले जाई. ‘फा सोल ला’ दोनदा आणि मग ‘मी’. ज्याला आकार ओळखता येतो, त्याला गाता येते, इतका साधा हिशेब. पुढे ही पद्धत दक्षिणेकडच्या राज्यांत रुजली. १८४४ साली जॉर्जियातील बी. एफ. व्हाइट आणि ई. जे. किंग ह्यांनी ‘द सेक्रेड हार्प’ हा संग्रह काढला. त्याच्या सुधारलेल्या आवृत्त्या अजून निघतात, आणि त्या पुस्तकावरूनच ह्या गाण्याला आज ओळखतात.

ह्या गायनाची बैठक पाहण्यासारखी असते. चार सुरावटींचे चार गट चौकोनाच्या चार बाजूंना बसतात आणि सगळ्यांची तोंडे आत, चौकोनाकडे. श्रोत्यांकडे तोंड करण्याचा प्रश्नच येत नाही, कारण श्रोत्यांसाठी बाजू ठेवलेलीच नाही. वाद्य नाही. मधल्या मोकळ्या जागेत एक जण उभा राहून हाताने ताल देतो. त्याचे गाणे झाले की तो जागेवर जातो आणि दुसऱ्याचे नाव पुकारले जाते. वृद्ध येतात, शाळकरी मुलेही येतात. प्रत्येक गाण्याला ते ‘लेसन’, म्हणजे धडा म्हणतात. गायनशाळेची ही आठवण शब्दात टिकून राहिली आहे. धडा सुरू करताना आधी शब्द म्हणायचे नाहीत. नुसती स्वरनामे म्हणायची, चारही गटांनी आपापली, आणि मग शब्दांकडे वळायचे. आवाज मोकळा, उघडा, बराचसा कर्कश म्हणावा असा. बाहेरून ऐकणाऱ्याला तो प्रथम रुचेलच असे नाही. परंतु चौकोनाच्या मध्यभागी उभे राहिले असता चारही बाजूंचे स्वर अंगावर येतात, आणि ज्याने एकदा तिथे उभे राहून पाहिले तो पुन्हा येतो, असे गाणारे सांगतात. ह्या गाण्याची सर्वांत चांगली जागा तिकीट काढून मिळत नाही. ती गाणाऱ्यालाच मिळते, आणि तीही पाळीपाळीने. आयर्लंड, इंग्लंड, जर्मनी, पोलंड अशा देशांत ज्यांचा त्या गीतांतल्या देवाशी फारसा संबंध नाही अशी माणसेही आज हे गाणे गातात, त्याचे रहस्य मला ह्या जागेत आहे असे वाटते. माणसांना आज ऐकायला उदंड आहे, मिळून गायला फार थोडे उरले आहे.

ज्या बॉस्टनच्या परिसरात ह्या गायनशाळा वाढल्या, तिथूनच त्यांना उखडण्याचा उद्योगही झाला. लोवेल मेसन आणि त्याच्या मताच्या सुधारकांना हे गाणे अडाणी वाटे. संगीत ‘शास्त्रशुद्ध’ हवे, युरोपीय हवे, सात स्वरनामांचे हवे, असा त्यांचा आग्रह होता. १८३८ साली बॉस्टनच्या सार्वजनिक शाळांत मेसनच्या प्रयत्नाने संगीत शिकवले जाऊ लागले. शहरांतून फा-सोल-ला मागे हटले आणि खेड्यांत उरले. त्याच बॉस्टनमध्ये मुख्यालय असलेल्या अमेरिकन बोर्डाचे मिशनरी १८१३ पासून मुंबईत आणि पुढे अहमदनगरात काम करीत होते. त्यांच्याबरोबर आलेल्या इंग्रजी चाली मराठी मंडळींच्या गळ्यात नीट बसेनात. नाशकात शिकलेले ना. वा. टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले आणि त्यांनी उपासनेच्या गीतांत अभंग, भजन, पदे ह्यांचा ओघ आणला, तेव्हा कुठे ह्या प्रार्थनेला मराठी कंठ फुटला. नाशिकजवळच्या जलालपूरच्या लक्ष्मीबाई ‘स्मृतिचित्रे’मुळे आपल्या अभ्यासक्रमात आल्या, टिळकही ‘फुलांमुलांचे कवी’ म्हणून आले, पण देवळात सगळ्यांनी मिळून म्हणण्यासाठी रचणारे टिळक वर्गाबाहेरच राहिले. पुन्हा तीच ॥ध्रु.॥ची गोष्ट.

आता नाशिक. विष्णु दिगंबर पलुस्करांचा जन्म १८७२ सालचा, कुरुंदवाडचा. वडील दिगंबरबुवा कीर्तनकार. लहानपणी फटाक्यांच्या दारूने डोळे दुखावले आणि दृष्टी कायमची अधू झाली. मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे ते गाणे शिकले. १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, १९०८ मध्ये मुंबईला. राजाश्रयावर न विसंबता सामान्य माणसाच्या फीवर आणि तिकिटावर संगीताची संस्था उभी करणे ही त्या काळी धाडसाची गोष्ट होती. त्यांच्या नावावर एक उक्ती सांगितली जाते : तानसेन घडवणे आपल्या हाती नाही, कानसेन मात्र घडवता येतील. उक्ती शब्दशः त्यांची असो वा नसो, तिच्यातला कार्यक्रम त्यांचाच होता. आज शहराशहरांत जो जाणता श्रोता दिसतो, मैफलीत वेळेवर येऊन शांत बसणारा, समेला मान हलवणारा, तो बऱ्याच अंशी त्यांची निर्मिती आहे.

ह्याच कामासाठी त्यांनी स्वतःची स्वरलिपी बसवली. मंद्र आणि तार सप्तकांसाठी वेगळ्या खुणा, मात्रेसाठी आणि तिच्या अंशांसाठी स्वराखाली रेघा, शून्ये आणि इतर चिन्हे. ज्याला स्वतःला छापलेले पान वाचणे जड जात होते, त्याने दुसऱ्यांसाठी संगीत पानावर उतरवण्याचा हट्ट धरावा, ही गोष्ट मला नेहमी चटका लावते. ह्या लिपीत पाठ्यपुस्तके छापली गेली, शिकवलेले उपदेशक गावोगाव गेले. मुलांना आधी सरगम म्हणायला लावायची, ती पक्की झाली की शब्द; गांधर्व महाविद्यालयाच्या वर्गात आणि जॉर्जियाच्या त्या चौकोनात ही एक रीत समान आहे. फिरते शिक्षक, छापील संग्रह, सोपी लिपी, स्वरनामे आधी : सामग्री जवळपास तीच. फरक एवढाच की तिकडे ह्या सामग्रीतून गाणाऱ्यांचा मेळावा निघाला आणि इकडे श्रोत्यांची सभा. लिपीपुरते बोलायचे तर भातखंड्यांची अधिक सुटसुटीत पद्धती पुढे सर्वत्र मान्य झाली. पलुस्करांची त्या मानाने क्लिष्ट होती, हे त्यांच्या भक्तांनीही मान्य करावे.

मग १९२२ मध्ये पलुस्करांनी नाशकात रामनाम आधार आश्रम स्थापन केला. मुंबईची इमारत कर्जात बुडत होती; १९२४ मध्ये तिचा लिलाव झाला. बुवांचे लक्ष आता तुलसी रामायणावरच्या प्रवचनांत आणि रामधुनीत होते. ‘रघुपती राघव’ ह्या धुनीचा जो स्वरसाज देशभर पसरला, तो त्यांचाच समजला जातो. १९३१ च्या ऑगस्टमध्ये मिरजेला ते वारले. ह्या नऊ वर्षांविषयी चरित्रांतून आणि स्मरणलेखांतून जो सूर लागतो, तो साधारणपणे उतरतीचा. थकलेला, कर्जाने गांजलेला, विरक्त झालेला माणूस. गवई संपला, साधू उरला.

हा निकाल श्रोत्याच्या खुर्चीत बसून दिलेला आहे. रामधुनीत ऐकण्यासारखे फारसे काही नसते हे खरेच. दोन-चार ओळी, तीच चाल, पुन्हा पुन्हा. तान नाही, विस्तार नाही, ज्याच्यासाठी मैफलीत श्वास रोखून धरावा असे काही नाही. पण धुनीची कसोटी ती नव्हेच. ती पहिल्या आवर्तनात कोणालाही उचलता येते, तिसऱ्या आवर्तनात आपण ती उचलली आहे हे विसरायला होते, आणि दहाव्या आवर्तनात कोण सांगतो आणि कोण झेलतो ह्यातली सीमा पुसट होते. आयुष्यभर कानसेन घडवणारा माणूस शेवटी अशा गाण्याकडे आला जिथे कानसेनाची गरजच उरत नाही. हे मी उतरणे मानत नाही. कीर्तनकाराचा मुलगा बापाच्या अंगणात परत आला, आणि येताना हातात स्वर पारखून घेण्याची मोठी विद्या घेऊन आला, म्हणून ती धून इतकी टिकाऊ निघाली. दरबारी रागांच्या किती तरी बंदिशी ज्यांना माहीत होत्या, त्याच माणसाने लक्षावधी लोकांच्या गळ्यात बसेल अशी चाल निवडावी, ह्यात विरक्तीपेक्षा निवड अधिक आहे.

ही चाल पुढे कुठे गेली पाहा. पलुस्करांचे शिष्य नारायण मोरेश्वर खरे साबरमतीच्या आश्रमात गांधीजींच्या प्रार्थनेचे गाणे सांभाळत. आश्रमाची भजनावली त्यांनीच सिद्ध केली. १२ मार्च १९३० रोजी दांडीकडे निघालेल्या तुकडीत खरेही चालत होते. वारीत पायांना जशी टाळाची सोबत, तशी ह्या चालण्याला भजनाची. आधुनिक भारताच्या राजकारणाने श्रोतेविरहित गाण्याचा एवढा मोठा उपयोग दुसऱ्या कुठल्या वेळी केला असेल असे वाटत नाही.

पण त्याच्या बरोबर दहा दिवस आधी, २ मार्च १९३० रोजी, नाशकात दुसरा एक समूह चालत निघाला होता. डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो अस्पृश्य स्त्रीपुरुषांची ती मिरवणूक पंचवटीत काळाराम मंदिराच्या दाराशी आली, आणि दारे बंद होती. दुसऱ्या दिवसापासून मंदिराच्या चारही दरवाजांवर सत्याग्रही बसले. दादासाहेब गायकवाडांनी हा लढा पुढे काही वर्षे धगधगत ठेवला. दारे उघडली नाहीत, आणि १३ ऑक्टोबर १९३५ रोजी ह्याच जिल्ह्यातील येवल्याला बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही असे जाहीर केले. सर्वांनी मिळून गायचे नाव राम, आणि ज्या गावात त्या नामाचा आश्रम, त्याच गावात रामाच्या दारी चारी बाजूंनी बसलेली ही माणसे. चार बाजू, तोंडे आतल्या दिशेने, आणि मधली जागा कुलूपबंद. समूहगायनाच्या गोडव्याविषयी लिहिताना हे चित्र बाजूला ठेवता येत नाही. ‘सगळे गातात’ ह्या वाक्यातले सगळे कोण, हे प्रत्येक वेळी विचारावे लागते. 

अमेरिकेलाही ते विचारावे लागते. जॉर्जिया-अलाबामाचे ते चौकोन गोऱ्यांचे होते. त्या प्रदेशातले काळे लोक हीच पद्धती आत्मसात करून आपल्या वेगळ्या मेळाव्यांत गात राहिले, आणि १९३४ साली अलाबामातील ओझार्क (आपले ओझर नव्हे) येथील जज जॅक्सन ह्यांनी ‘द कलर्ड सेक्रेड हार्प’ हा त्यांचा स्वतंत्र संग्रह छापला. ह्यात ‘जज’ हे नाव आहे, हुद्दा नव्हे. काळारामाचा सत्याग्रह आणि हे पुस्तक एकाच दशकातले आहे. बंद दारापुढे माणसे दोन गोष्टी करतात : दार ठोठावतात, किंवा आपले अंगण वेगळे करतात. नाशिक जिल्ह्याने दोन्ही केल्या. सत्याग्रहाच्याच धामधुमीत भीमराव कर्डकांचा जलसा उभा राहिला. आणि ज्या १९२२ मध्ये रामनाम आश्रम निघाला, त्याच वर्षी सिन्नर तालुक्यातील देशवंडीला वामनदादा कर्डक जन्मले. मोठेपणी मुंबईत अक्षरओळख झालेल्या ह्या कवीने हजारो गाणी लिहिली. जलसा हा समोर माणसे बसवून करायचा प्रकार, हे कबूल. पण वामनदादांचे गाणे वस्तीत ज्याने ऐकले आहे, त्याला ठाऊक आहे की ध्रुपद आले की समोर बसलेले कोणी समोर बसलेले राहत नाही. त्यांच्या कवितेवर आपल्याकडे अलीकडे प्रबंध होऊ लागले आहेत. त्यांतही चालीचा, घोळक्याचा, ध्रुपदाच्या झेलण्याचा विचार क्वचितच आढळतो. मग आशयसूत्रांची यादी तेवढी उरते.

पलुस्करांचा वारसा मात्र पुन्हा श्रोत्याकडेच वळला. ते गेले त्याच वर्षी शिष्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. त्याच्या परीक्षा आज गावोगाव होतात. मुलगा दत्तात्रेय वडिलांच्या मृत्यूच्या वेळी अवघा दहा वर्षांचा. नारायणराव व्यास आणि विनायकबुवा पटवर्धन ह्या गुरुबंधूंनी त्याला घडवले, आणि १९५५ मध्ये चौतिसाव्या वर्षी तो गेला तेव्हा त्याच्या भजनांच्या ध्वनिमुद्रिका घरोघरी होत्या. त्या अप्रतिम आहेत. इतक्या अप्रतिम, की त्यांच्याबरोबर गुणगुणण्याचे धाडस होत नाही. भजन पहिल्यांदा मुकाट ऐकण्याची वस्तू झाले ते अशा सुंदर गळ्यांमुळे, आणि ह्याबद्दल तक्रार तरी कोणी आणि कशी करावी! पंचवटीत इंद्रकुंडाजवळ पलुस्करांच्या नावाचे सभागृह आहे. रंगमंच एका बाजूला, खुर्च्या दुसऱ्या बाजूला, सगळ्यांची तोंडे एकाच दिशेला.

तिथून तासाभराच्या आत त्र्यंबकेश्वर येते. पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांच्या समाधीपाशी दिंड्या जमतात. ह्या मंडळींत चक्री भजन म्हणून एक प्रकार आहे. जमलेल्यांनी फेर धरायचा आणि प्रत्येकाने पाळीपाळीने एकेक अभंग सांगायचा. इतरांनी ध्रुपद झेलायचे. ज्याची पाळी त्याच्या गळ्यात वीणा. आवाज फाटका असला, चाल जरा इकडेतिकडे गेली, तरी पाळी चुकत नाही; शेजारचा टाळकरी हळूच सुरात आणतो. वीणा जमिनीला टेकवायची नसते. अभंग संपला की ती गळ्यातून थेट दुसऱ्याच्या गळ्यात जाते. देणारा घेणाऱ्याच्या पाया पडतो, घेणारा देणाऱ्याच्या, आणि पुढचा माणूस आपला अभंग उचलतो.